हिशेब देणारे दिवाण : व्ही. पी. माधवराव

बेंगळूरशी असलेले आपले नाते सांगावयाचे झाले, म्हणजे येथील मराठी माणूस सहसा शहाजीराजांपासून आरंभ करतो. ते योग्यच आहे. विजापूरकरांनी १६३८ च्या सुमारास बेंगळूर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे येथूनच तंजावरास गेले आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात मराठ्यांची गादी स्थापन झाली. हा इतिहास आपल्याकडे आवडीने सांगितला जातो. परंतु तंजावरकडे गेलेला तो मराठी प्रवाह सुमारे दोनशे वर्षांनी एका थोर प्रशासकाच्या रूपाने पुन्हा म्हैसूर संस्थानात परतला, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. त्या प्रशासकाचे नाव विश्वनाथ पाटणकर माधवराव. दक्षिणेच्या रिवाजाप्रमाणे सारे जग त्यांना व्ही. पी. माधवराव या नावाने ओळखत असे.

त्रावणकोर, म्हैसूर व बडोदे अशा तीन मोठ्या संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी भूषविली. तरीही त्यांचे स्मरण करावयाचे ते केवळ पदांसाठी नव्हे. सरकारने प्रजेच्या पैशाचा हिशेब प्रजेसमोर मांडावा आणि प्रजेच्या प्रतिनिधींनी त्याविषयी तोंडावर प्रश्न विचारावेत, ही आज आपल्याला अगदी स्वाभाविक वाटणारी पद्धत दक्षिणेतील दोन संस्थानांत रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. विधानसौधातील विधान परिषद आपला आरंभ १९०७ सालापासून मोजते. तो आरंभ माधवरावांच्या कारकीर्दीतला होय.

त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८५० रोजी कुंभकोणम येथे एका देशस्थ ब्राह्मण कुटुंबात झाला. पाटणकर हे आडनाव देशावरच्या मुळाची खूण म्हणून घराण्याने जपून ठेवले होते. त्यांच्या जन्माच्या वेळी तंजावरची गादी अखेरच्या घटका मोजीत होती. १८५५ साली राजे निवर्तले आणि औरस पुत्र नाही या सबबीवर कंपनी सरकारने ते राज्य खालसा केले. राज्य गेले, पण भाषा राहिली. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा प्रचंड मराठी शिलालेख आजही तेथे उभा आहे. आणि तमिळ मुलखात पिढ्यानपिढ्या राहिलेली ही कुटुंबे घरात आपली वेगळ्या वळणाची मराठी बोलत आली. राजाश्रय संपल्यावर या मंडळींनी इंग्रजी विद्येचा मार्ग धरला. कुंभकोणमच्याच सर टी. माधवराव यांनी त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाण म्हणून कीर्ती मिळविली होती. नामसाम्यामुळे अनेकजण या दोघांची गल्लत करतात, म्हणून सांगावयाचे की सर टी. माधवराव १८२८ साली जन्मले व १८९१ साली वारले. आपले चरित्रनायक त्यांच्याहून बावीस वर्षांनी लहान होते.

कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात त्या वेळी विल्यम पोर्टर हे नामांकित शिक्षक होते. त्यांच्या हाताखाली माधवरावांचे शिक्षण झाले. पदवी मिळताच १८६९ साली ते म्हैसूरच्या रॉयल स्कूलमध्ये मुख्याध्यापक म्हणून आले. एकोणीस वर्षांचा हा तरुण नोकरीसाठी परमुलखात आला आणि पस्तीस वर्षे म्हैसूरच्या सेवेत राहिला. आपल्यापैकी अनेकांच्या घरची हीच कथा आहे, फक्त कचेऱ्या व कंपन्यांची नावे वेगळी.

तेव्हाचे म्हैसूर मोठ्या स्थित्यंतरातून जात होते. १८३१ पासून राज्याचा कारभार ब्रिटिश कमिशनरांच्या हाती होता. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मृत्यू पावली, म्हणजे दर पाच माणसांमागे जवळजवळ एक. अशा खंगलेल्या अवस्थेत १८८१ साली राज्य पुन्हा राजघराण्याच्या स्वाधीन करण्यात आले. पण हे स्वाधीन करणे अनेक अटींनी बांधलेले होते. हस्तांतरपत्रान्वये महत्त्वाचे कायदे बदलण्यास व्हाइसरॉयची संमती लागे, आणि सार्वभौम सत्तेला सालीना मोठी रक्कम द्यावी लागे; १८९६ पासून तर ती पस्तीस लाख रुपये झाली. वरून सोपविलेली सत्ता, ठरवून दिलेल्या मर्यादा आणि तुटपुंजी तिजोरी, असे ते राज्य होते.

त्याच वर्षी दिवाण रंगाचार्लू यांनी एक अपूर्व पाऊल उचलले. ७ ऑक्टोबर १८८१ रोजी दसऱ्याच्या निमित्ताने तालुक्यातालुक्यांतून आलेल्या १४४ शेतकरी व व्यापारी प्रतिनिधींची सभा म्हैसुरात भरली. ब्रिटिश हिंदुस्थानात काँग्रेसचा जन्म होण्यास अजून चार वर्षे अवकाश होता. या प्रतिनिधी सभेपुढे दिवाणाने गतवर्षीची पीकपाणी, जमा व खर्च, रस्ते, रेल्वे, शाळा, दवाखाने यांचा वृत्तांत वाचावयाचा आणि मग सभासदांनी आपापल्या तालुक्याची गाऱ्हाणी मांडावयाची, असा क्रम ठरला. सभेला मतदानाचा अधिकार नव्हता. तिचे म्हणणे सरकारवर बंधनकारक नव्हते. तरीही फुटलेल्या तलावाची दुरुस्ती, गुरांसाठी गायरान, शेतसारा, गावची शाळा असल्या गोष्टी राज्याच्या सर्वांत मोठ्या अधिकाऱ्यासमोर उभे राहून बोलता येतात, हा अनुभव रयतेला नवा होता. म्हैसूरचा प्रदेश तलावांवर जगणारा. बेळ्ळंदूरच्या तलावासारखे शेकडो तलाव शेतीला पाणी पुरवीत. त्यामुळे तलावांचे प्रश्न त्या सभेत सदैव निघत.

माधवराव या काळात संस्थानी नोकरीच्या पायऱ्या चढत होते. न्याय, महसूल व जिल्ह्याचा कारभार यांचा अनुभव घेऊन ते पोलीस खात्याचे प्रमुख झाले. त्यांच्या कर्तृत्वाची खरी कसोटी लागली ती १८९८ साली. त्या ऑगस्टमध्ये बेंगळुरात प्लेग शिरला आणि प्लेग कमिशनर म्हणून त्याच्या निवारणाचे काम माधवरावांवर आले. वर्षापूर्वीच पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तापायी काय घडले होते, रँडसाहेबांचा वध कोणत्या संतापातून झाला होता, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. घरे रिकामी करविणे, रोग्यांना वेगळे ठेवणे, लोकांना छावण्यांत हलविणे हे सारे उपाय बेंगळूरलाही करावे लागले आणि येथेही ते कोणाला गोड वाटणारे नव्हते. याच सुमारास पेटेतील दाटी कमी व्हावी म्हणून रुंद रस्त्यांच्या व मोकळ्या हवेच्या बसवनगुडी व मल्लेश्वरम् या वसाहती आकारास आल्या. पुढल्या काळात असंख्य मराठी बिऱ्हाडे या वसाहतींत नांदली. प्लेगच्या कामाबद्दल सरकारने माधवरावांना १८९९ साली सी. आय. ई. हा किताब दिला. महाराज कृष्णराज वडियार अल्पवयीन असताना महाराणी केंपनंजम्मण्णी यांच्या रीजन्सीत ते कौन्सिलाचे सभासदही होते.

१९०४ साली त्रावणकोरचे महाराज मूलम् तिरुनाळ यांनी त्यांना दिवाण म्हणून नेले. ही जागा मानाची होती, तशीच अवघडही होती. त्रावणकोरात मोठमोठ्या जागा बाहेरून आलेल्या ब्राह्मणांच्या हाती जातात आणि भूमिपुत्र मागे राहतात, या तक्रारीचा दहा हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज १८९१ साली महाराजांना सादर झाला होता. मलयाळी मेमोरियल या नावाने तो प्रसिद्ध आहे. ज्यांच्याविषयी ती तक्रार होती, त्यांच्यातलेच माधवराव एक. भाषेने परके, प्रांताने परके आणि तरीही राज्याच्या तिजोरीचे धनी. अशा माणसाला दोनच वाटा असतात. महाराजांच्या मर्जीच्या आड सुरक्षित बसावे, नाही तर लोकांसमोर जाऊन आपला कारभार उघडा करावा.

माधवरावांनी दुसरी वाट धरली. त्रावणकोरात १८८८ पासून कायदे कौन्सिल होते, पण ते लहान व सरकारी वळणाचे. सामान्य रयतेचा आवाज तेथे पोचत नसे. म्हैसूरचा अनुभव पाठीशी असलेल्या माधवरावांच्या सल्ल्याने १९०४ च्या ऑक्टोबरात श्री मूलम् प्रजासभा स्थापन झाली. त्या महिन्याच्या २२ तारखेला त्रिवेंद्रमच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टाऊन हॉलमध्ये तिची पहिली बैठक झाली. तालुक्यांतील सारा भरणारे जमीनदार व व्यापारी यांचे प्रतिनिधी तिच्यात होते. सरकारने प्रथम त्यांची नेमणूक केली, आणि पुढच्याच वर्षी निवडणुकीची सोय झाली. अधिकार येथेही गाऱ्हाणे मांडण्यापुरताच. पण एकदा दार उघडले, की त्यातून कोण आत येईल हे उघडणाऱ्याच्या हाती राहत नाही. सात वर्षांनी, १९११ साली, याच सभेवर अय्यंकाळी यांची नेमणूक झाली. ज्या पुलय समाजाला सार्वजनिक रस्त्याने चालणेही मुष्कील होते, त्या समाजाचा हा नेता प्रजासभेत उभा राहिला आणि आपल्या लोकांना जमीन का मिळत नाही, मुलांना शाळेत प्रवेश का नाही, हे विचारू लागला. त्या वेळी माधवराव त्रावणकोरात नव्हते. पण तो प्रश्न ज्या सभागृहात विचारला गेला, ते त्यांच्या काळात उभे राहिले होते.

१९०६ साली महाराज कृष्णराज वडियार यांनी त्यांना म्हैसूरला परत बोलाविले. सदतीस वर्षांपूर्वी शाळामास्तर म्हणून ज्या राज्यात पाऊल टाकले, त्याच राज्याचे ते दिवाण झाले. कारकीर्द तीन वर्षांचीही भरली नाही. तिच्यात प्रचंड वाणीविलास सागर धरणाचे काम पूर्णत्वास गेले. जमशेटजी टाटांच्या संकल्पित विज्ञानसंस्थेसाठी संस्थानाने १९०७ साली बेंगळुरात ३७१ एकर जमीन दिली. आज या शहराला विज्ञाननगरी म्हणून जी प्रतिष्ठा आहे, तिचा एक धागा त्या निर्णयाशी जाऊन पोचतो.

परंतु त्यांचे सर्वांत टिकाऊ काम म्हणजे १९०७ सालचा कायदे कौन्सिलाचा कायदा. प्रतिनिधी सभा वर्षातून एकदा दसऱ्याला भरे. ती लोकांची मनःस्थिती सांगे, पण कायद्याचा मसुदा कलमवार तपासणे तिच्याकडून होण्यासारखे नव्हते. त्यासाठी लहान, अभ्यासू मंडळ हवे होते. नव्या कौन्सिलात दिवाण व कार्यकारी मंडळाचे सभासद यांच्या जोडीला दहा ते पंधरा अधिक सभासद नेमण्याची तरतूद झाली आणि त्यांत बिनसरकारी मंडळींनाही स्थान मिळाले. आजच्या दृष्टीने हे फारच थोडे होते. अंदाजपत्रकाची चर्चा करण्याचा वा सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क या कौन्सिलाला आरंभी नव्हता. पण राज्याचा कायदा दिवाणाच्या कचेरीत लिहून तेथूनच जाहीर होण्याऐवजी इतरांसमोर वाचला जाऊ लागला, यात पुढल्या साऱ्या विकासाचे बीज होते.

आता या चरित्रातील काळी बाजूही सांगितली पाहिजे. १९०८ साली याच दिवाणांच्या कारकीर्दीत म्हैसूर संस्थानात वृत्तपत्रांचा कायदा झाला. सरकारच्या परवानगीवाचून वृत्तपत्र काढता येऊ नये, आणि दिलेली परवानगी सरकारला काढून घेता यावी, असा त्याचा रोख होता. बेंगळूर व म्हैसूर येथील काही पत्रे त्यापायी बंद पडली. सरकारवर टीका करणारे संपादक व प्रतिनिधी सभेतील जागरूक सभासद यांच्यात मोठी नाराजी पसरली. काळ कोणता होता, हेही ध्यानात घ्यावयास हवे. १९०८ च्या जुलैतच लोकमान्य टिळकांना ‘केसरी’तील लेखांबद्दल सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली होती. ब्रिटिश मुलखातही वृत्तपत्रांना वेसण घालणारे कायदे होत होते, आणि मांडलिक संस्थानाच्या दिवाणावर वरिष्ठ सत्तेची नजर असेच.

हे सारे मान्य करूनही दोष उरतोच. सभागृहातील प्रश्नाला बळ येते ते बाहेर तो कोणी ऐकत असेल तर. तलाव का फुटला, शाळेची रक्कम कोठे गेली, असे सभासदाने विचारले आणि ते त्या चार भिंतींतच विरले, तर दिवाणाला काय त्याचे! दुसऱ्या दिवशी ते बाजारात वाचले गेले, तरच उत्तर देणे भाग पडते. माधवरावांनी एका हाताने विचारणाऱ्यांसाठी आसने मांडली आणि दुसऱ्या हाताने त्यांचा आवाज बाहेर नेणारी खिडकी लावून घेतली. त्या काळी बेंगळुरात पत्रकारितेत धडपडणारे एक तरुण, पुढे कन्नड साहित्यात अजरामर झालेले डी. व्ही. गुंडप्पा, यांनी उतारवयात आपल्या स्मृतिचित्रांत म्हैसूरच्या दिवाणांची चित्रे रेखाटली. त्यांत माधवरावांनाही स्थान आहे. नामदार गोखल्यांना गुरुस्थानी मानणाऱ्या याच गुंडप्पांनी १९४५ साली बेंगळुरात सार्वजनिक जीवनाच्या अभ्यासासाठी गोखल्यांच्या नावाची संस्था उभारली.

१९०९ च्या मार्चअखेर माधवराव म्हैसूरच्या दिवाणगिरीतून मुक्त झाले. पुढे सयाजीराव महाराजांनी त्यांना बडोद्यास दिवाण म्हणून बोलाविले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १९०६ सालीच संस्थानभर लागू करणाऱ्या त्या दूरदर्शी राजाच्या पदरी काम करण्याचा मान मिळाला, आणि कावेरीकाठच्या या मराठी माणसाला मराठी राजदरबार पाहावयास मिळाला.

सामान्यतः अशा कर्तबगार दिवाणाचे चरित्र येथे संपते. निवृत्तिवेतन, किताब आणि विश्रांती. माधवरावांनी मात्र वयाच्या सत्तरीकडे झुकताना आपली बाजूच बदलली. ते काँग्रेसच्या चळवळीत उतरले. १९१९ साली माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचे विधेयक ब्रिटिश पार्लमेंटापुढे होते. प्रांतांना काही खाती सोपवावयाची, ती लोकनियुक्त कायदेमंडळांना जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे द्यावयाची आणि तिजोरी व पोलीस मात्र गव्हर्नरच्या हाती ठेवावयाचे, अशी ती द्विदल योजना होती. शिक्षण व आरोग्य मंत्र्याकडे, पण त्यासाठी लागणारा पैसा दुसऱ्याच्या मुठीत. ही सत्ता अपुरी आहे, हे सांगण्यासाठी काँग्रेसचे शिष्टमंडळ विलायतेस गेले. त्यात विठ्ठलभाई पटेल होते, आणि व्ही. पी. माधवराव होते. लोकमान्य टिळकही त्या वेळी लंडनमध्येच होते. पार्लमेंटाच्या संयुक्त समितीपुढे माधवरावांची साक्ष झाली. मर्यादित अधिकार आणि बांधलेली तिजोरी यांनिशी राज्य चालविणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके जवळून जाणणारे थोडेच असतील. आयुष्यभर उत्तरे देणाऱ्यांच्या खुर्चीवर बसलेला हा गृहस्थ आता विचारणाऱ्यांच्या रांगेत उभा होता.

पुढच्याच वर्षी, १९२० साली, धारवाडला भरलेल्या कर्नाटक राजकीय परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांना देण्यात आले. निरनिराळ्या इलाख्यांत व संस्थानांत विखुरलेला कन्नड प्रदेश एक व्हावा, असा ठराव त्या परिषदेने केला. घरी मराठी बोलणाऱ्या, तमिळ मुलखात जन्मलेल्या माणसाला कन्नड जनतेने अशा परिषदेच्या अध्यक्षस्थानी बसवावे, यात त्या जनतेचे औदार्य आहे आणि त्या माणसाने केलेल्या सेवेची पावतीही आहे. १९३४ साली, वयाच्या चौऱ्यांशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांनी लावलेले रोप त्यांच्या डोळ्यांदेखत वाढले होते. विश्वेश्वरय्यांच्या दिवाणगिरीत कायदे कौन्सिलाला प्रश्न विचारण्याचा व अंदाजपत्रकाची चर्चा करण्याचा हक्क मिळाला. १९२३ च्या सुधारणांनी प्रतिनिधी सभा २५० सभासदांची व कौन्सिल ५० सभासदांचे झाले, आणि खर्चाच्या मागण्यांवर मत देण्याचा अधिकारही कौन्सिलाला लाभला. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये ही दोन्ही मंडळे विसर्जित झाली व त्यांची जागा नव्या घटनेप्रमाणे विधिमंडळाने घेतली.

आपली कितीतरी कुटुंबे आज बेळ्ळंदूर व त्याच्या आसपास राहतात. तेथला तलाव २०१५ साली फेसाने भरून वाहिला व २०१७ च्या फेब्रुवारीत त्याच्या पृष्ठभागावर आग भडकली, हे साऱ्या देशाने पाहिले. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. ज्या गावाचा कारभार २००७ पर्यंत ग्रामपंचायत पाहत होती, ते महानगरपालिकेत गेले. आणि त्या महापालिकेतील निवडून आलेल्या सभासदांची मुदत २०२० च्या सप्टेंबरात संपली, तेव्हापासून पुढली पाच वर्षे निवडणूकच झाली नाही. एवढ्या मोठ्या नगरीचा कोट्यवधींचा खर्च त्या काळात सभागृहातील प्रश्नोत्तरांवाचून होत राहिला. १८८१ साली दसऱ्याला म्हैसूरला जाऊन आपल्या तलावाविषयी दिवाणाला विचारणाऱ्या खेडुताला ही अवस्था चमत्कारिक वाटली असती.

आपण येथे पोटापाण्यासाठी आलो, आणि आलेल्याने मुकाट्याने राहावे अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. माधवरावही नोकरीसाठीच आले होते. ज्या भूमीने अन्न दिले तिच्या सार्वजनिक कामात लक्ष घालणे त्यांनी आपले कर्तव्य मानले. पन्नास वर्षे आपले मंडळ टिकले, त्याचे एक कारण असे की दर वर्षी वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो आणि कोणीही सभासद उठून त्याविषयी विचारू शकतो. तीच सवय मंडळाच्या दाराबाहेर, आपल्या वॉर्डात, आपल्या तलावाच्या काठावर, शक्य तर कानडीतून, चालू ठेवता आली, तर या दिवाणांच्या स्मृतीला ते शोभून दिसेल.